चित्रदालन रिकामे करू नका : आमच्या गावच्या म्युझियमच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
वस्तुसंग्रहालय व चित्रदालन

विषय : चित्रदालनाचा हॉल समारंभांसाठी भाड्याने देण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

स.न.वि.वि.

म्युझियमच्या दरवाजावर तुम्ही लावलेली नोटीस मी वाचली. टाईप केलेल्या चार ओळी आहेत. १५ जूनपासून पहिल्या मजल्यावरचे चित्रदालन पुढील सूचनेपर्यंत बंद. चित्रे सुरक्षित ठिकाणी हलवण्यात येतील. हॉल सांस्कृतिक व कौटुंबिक कार्यक्रमांसाठी उपलब्ध होईल. उरलेले म्युझियम दुपारी १ ते ४ बंद राहील. खाली सही आहे, नाव नाही. चित्रे किती आहेत, कुठे जाणार, परत कधी लागणार, याबद्दल एक अक्षर नाही. हा निर्णय मला मान्य नाही. चित्रे तुमच्या ताब्यात असली तरी ती सगळ्या गावाची आहेत, म्हणून हे पत्र बंद पाकिटात न घालता उघडपणे लिहिते आहे.

मी निवृत्त चित्रकला शिक्षिका. गावातल्या शाळेत पाचवी ते दहावीच्या वर्गांना मी चित्रकला शिकवली आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन या क्रमाने ज्यांनी त्या परीक्षा दिल्या आहेत, त्यांना आठवेल की शाळेत चित्रकलेला आठवड्याच्या वेळापत्रकात किती जागा मिळते. परीक्षा जवळ आली की आमचा तास गणिताला जातो. अशा वेळी मुलांना खरे चित्र दाखवायचे तर न्यायचे कुठे? शाळेपासून चालत जाता येईल असे एकच ठिकाण होते, ते तुमचे चित्रदालन. माझ्याकडे शिकून गेलेली काही मुले आज साइनबोर्ड रंगवतात, एक जण कापडाच्या गिरणीत डिझाइन करतो, एक मुलगी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकून आता स्वतः शिकवते. या सगळ्यांनी आयुष्यातले पहिले तैलचित्र तुमच्या त्या हॉलमध्ये पाहिले.

नोटीस वाचून मी तशीच वर गेले. मे महिन्यातली दुपार, दोन-अडीचचा सुमार. तुमच्या समजुतीप्रमाणे या वेळेला म्युझियममध्ये कुणी नसते, म्हणूनच ती वेळ बंद करायची ठरवली असावी. त्या दिवशी वर कोण होते ते सांगते. आठवडी बाजार आटोपून परतीच्या एसटीची वाट बघणारे एक कुटुंब होते. आजोबा, त्यांची सून, दोन नातवंडे, भाजीच्या पिशव्या दाराशी भिंतीला टेकवलेल्या. कॉलेजची दोन मुले होती. दवाखान्यातून आलेल्या एक बाई बाकावर बसल्या होत्या, हातात एक्स-रेचे मोठे पाकीट. डॉक्टर चारनंतर भेटणार म्हणून त्या तिथे थांबल्या होत्या. तालुक्याच्या गावी माणसे कामासाठी येतात आणि त्यांची दुपार मोकळी पडते, कारण कचेरीत साहेब जेवायला गेलेले असतात आणि गाडीला अवकाश असतो. उन्हात फिरण्यापेक्षा ती म्युझियमची पायरी चढतात. सकाळी अकराला तालुक्याला पोचलेला माणूस आधी काम बघणार की म्युझियम? आणि संध्याकाळी पाचला त्याची शेवटची गाडी असते. १ ते ४ बंद ठेवलेत तर वाडीवस्तीवरच्या लोकांसाठी तुम्ही म्युझियम पूर्ण बंद केल्यासारखेच आहे.

त्या कुटुंबातली धाकटी मुलगी नऊवारीतल्या बाईच्या मोठ्या तैलचित्रासमोर उभी होती. तुम्हाला ते चित्र ठाऊकच असेल, जिन्याच्या समोरच्या भिंतीवरचे. ती लुगड्याच्या जरीच्या काठाकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, ही जर खरी लावलीय?" मी तिला जवळ नेले. जवळून पाहिले की तिथे जर नाहीच. पिवळ्या मातकट रंगाचे चार-पाच जाड फटकारे आहेत, त्यावर पांढऱ्याचे बारीक ठिपके, आणि मधे एका जागी ब्रशचा एक केस रंगात अडकून राहिलेला आहे. मग तिला चार पावले मागे आणले. काठ पुन्हा चमकायला लागला. ती पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. तिच्या आजोबांनीही तेच केले. चित्रकाराने काय केले आहे हे पुस्तकातल्या छापील चित्रावरून कळत नाही, कारण तिथे फटकारा दिसत नाही, रंगाचा थर दिसत नाही आणि चित्राचे आकारमानही कळत नाही. तुम्ही खाली एक मोठा टीव्ही लावून त्यावर चित्रांचे फोटो फिरवणार आहात, असे कानावर आले. टीव्हीवर पुढे-मागे होऊन काहीही वेगळे दिसत नाही. टीव्ही जरूर लावा, माहितीसाठी त्याचा उपयोग आहे, पण चित्रांची जागा त्याला देऊ नका.

आता माझे आक्षेप एकेक मांडते.

पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप चित्रे ठेवण्याच्या जागेबद्दल आहे. तुमचे सुरक्षित ठिकाण म्हणजे तळमजल्यावरची मागची खोली, असे कर्मचाऱ्यांकडून कळले. ती खोली बाहेरून, खिडकीच्या गजांतून कुणालाही दिसते. पश्चिमेची भिंत छातीइतक्या उंचीपर्यंत ओल धरलेली आहे, चुन्याचे पोपडे सुटले आहेत आणि जुनी कपाटे, मोडक्या खुर्च्या, मांडवाचे बांबू तिथे रचलेले आहेत. आणि तुम्ही चित्रे हलवणार जूनच्या मध्यावर, म्हणजे मृगाच्या पावसात.

ओलीत चित्राचे काय होते ते सांगते, कारण ते तुमच्यापैकी कुणी बारकाईने पाहिले आहे की नाही मला माहीत नाही. तैलचित्राचा कॅनव्हास हे कापड असते आणि त्यावर आधी सरसाचा हात दिलेला असतो. दमट हवेत कापड आणि सरस दोन्ही पाणी ओढतात, उन्हाळ्यात पुन्हा सुकतात. वरचा वाळलेला रंग मात्र त्यांच्याबरोबर ताणत-आकसत नाही. मग त्याला तडे जातात आणि पुढे खपल्या सुटतात. सरस हे बुरशीचे खाद्य आहे. जलरंगाची अवस्था याहून नाजूक, कारण तिथे कागदच उघडा असतो. कागदावर तपकिरी ठिपके येतात, कसर नावाची कीड त्यावरची खळ खाते, आणि मागचा पुठ्ठा आम्लधर्मी असेल तर कागद पिवळा पडून कुरकुरीत होतो. जिथे चित्रे ठेवायची तिथे हवेतली आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास आणि शक्यतो स्थिर असावी, असे संग्रहालयाच्या कामातले लोक सांगतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती बंद, ओल्या खोलीत किती होईल याचा हिशेब करायला तज्ज्ञ लागत नाही. शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक आणून त्या खोलीत टांगा आणि स्वतः आकडा वाचा, एवढेच म्हणणे आहे.

नदीच्या घाटाचे ते लहान जलरंगचित्र आता वरच्या हॉलमध्ये, कोरड्या भिंतीवर असूनही बिघडायला लागले आहे. त्या दुपारी मी काचेजवळ डोळा नेऊन पाहिले. आभाळाच्या भागात, जिथे चित्रकाराने कागद जवळजवळ कोरा सोडला आहे, तिथे मसुराएवढे तपकिरी डाग आहेत. उजव्या कोपऱ्यात काच कागदाला चिकटली आहे, कारण फ्रेममध्ये काच आणि चित्र यांच्यामध्ये माऊंट, म्हणजे दोघांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, घातलेला नाही. घाटावर धुणे धुणाऱ्या बाईची आकृती अजून शाबूत आहे. दोन ओल्या फटकाऱ्यांत तिचा वाकलेला खांदा उभा केला आहे. हे चित्र मागच्या खोलीत एक पावसाळा काढेल असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप उजेडाबद्दल. हा केवळ आत्ताच्या निर्णयापुरता नाही, तो जुना आहे. हॉलच्या पश्चिमेच्या खिडक्यांचे पडदे फाटून गेले त्याला बराच काळ लोटला. दुपारी तीननंतर ऊन थेट जलरंगांच्या भिंतीवर येते. कागदावरच्या आणि वस्त्रांवरच्या रंगांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) वर उजेड नको, तैलरंगांना २००च्या आसपास चालतो, हा संग्रहालयांत सर्वत्र पाळला जाणारा ठोकताळा आहे. थेट उन्हात तो आकडा हजारोंत जातो. उडालेला रंग कुठल्याही उपायाने परत येत नाही. शिपाईमामा स्वतःहून जुन्या धोतराचे तुकडे खिडक्यांना बांधतात. त्यांचे मी इथे जाहीर आभार मानते. संस्थेने जे करायचे ते काम तो माणूस स्वतःच्या घरच्या कपड्यांनी करतो आहे.

तिसरा आक्षेप नोंदींचा. चित्रांखालच्या पाट्या निम्म्याहून जास्त गळून गेल्या आहेत. उरलेल्यांवर 'निसर्गचित्र' किंवा 'स्त्री' एवढेच. कुणाचे, कोणत्या साली, कुणी दिले, काही नाही. चित्रे खाली उतरवण्याआधी तुमच्याकडे प्रत्येकाचा फोटो, मोजमाप, स्थिती आणि दाखल क्रमांक यांची यादी आहे का? नसेल तर उतरवलेले प्रत्येक चित्र तिथेच आहे की नाही हे उद्या कुणी कशावरून सांगणार? १९७२च्या पुरावस्तू व कलासंपदा कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने चित्र पुरावस्तू मानले जाते. आपल्या दालनातली काही चित्रे त्या वयाची आहेत. ती मांडवाच्या बांबूंशेजारी ठेवण्याची वस्तू नव्हे.

आपल्या भागात याची किंमत आधी मोजून झाली आहे. चित्रकार आबालाल रहिमान १९३१ साली गेले. कोल्हापुरात राहून, कोटितीर्थ तलावाच्या काठी बसून त्यांनी आयुष्यभर काम केले, आणि आज त्यातले बघायला मिळते ते थोडेच. त्यांच्यासारखी मोठी नावे ज्यांना मिळाली नाहीत, मुंबईला शिकून गावी परतले आणि शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून राबले, अशांची चित्रे तर कुठल्याही मोठ्या शहराच्या संग्रहात जाणार नाहीत. त्यांना भिंत मिळायची ती आपल्याच गावात. आपण ती काढून घेतली तर ती माणसे चित्रकार होती याचा पुरावाच राहणार नाही.

चौथी गोष्ट देणगीदारांची. यातली बरीच चित्रे गावातल्या घरांनी दिली आहेत. वाटण्या झाल्या, वाडे पाडले गेले, तेव्हा लोकांनी विकायच्या ऐवजी चित्रे म्युझियमला दिली, कारण तिथे ती चारचौघांना दिसतील असे त्यांना सांगण्यात आले होते. निर्णय घेण्याआधी त्या घरांपैकी एकालाही तुम्ही विचारलेले नाही. निदान मी ज्यांना भेटले त्यांच्यापैकी कुणालाही कल्पना नव्हती.

पैशाची अडचण मला कळते. विजेचे बिल, दोन माणसांचा पगार, कौलांची डागडुजी, आणि दहा रुपयांच्या तिकिटात यातले काही भागत नाही. अनुदान वेळेवर येत नाही हेही खरे. हॉल भाड्याने दिला की दर महिन्याला रक्कम हातात पडेल, हे म्हणणे चूक आहे असे मी म्हणत नाही. पण बारशी, साखरपुडे आणि वाढदिवसांसाठी गावात मंगल कार्यालये आहेत, नवी होत आहेत. चित्रदालन दुसरे नाही. उत्पन्नासाठी मागचे अंगण संध्याकाळी द्या. तिथे व्याख्याने होतील, गाण्याच्या बैठका होतील, दिवाळीत शिबिरे होतील, आणि चित्रांना धक्का लागणार नाही. चित्रांची पोस्टकार्डे, कॅलेंडर छापा. गावातून पुण्या-मुंबईला आणि परदेशात गेलेल्या लोकांना वार्षिक सभासद करा. तिकीट वीस रुपये केले तरी कुणी तक्रार करणार नाही, फक्त शाळांना आणि बाजारच्या दिवशी सगळ्यांना ते माफ ठेवा.

आणि हे फक्त मोठ्या शहरांना जमते, असे कृपा करून सांगू नका. औंध हे केवढे गाव आहे? तिथे औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली डोंगरावर म्युझियम उभे केले. राजा रविवर्म्याची चित्रे आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचे माता-बालकाचे शिल्प बघायला आजही माणसे घाट चढून तिथे जातात. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांनी आपला संग्रह राजवाड्यात ठेवून घेतला नाही, रयतेला बघता येईल अशा इमारतीत नेला. पुण्यात दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये जमवली आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने तो सगळा संग्रह महाराष्ट्राला देऊन टाकला. एका माणसाच्या हट्टातून हे झाले, त्यामागे आधी कुठलीही मोठी संस्था नव्हती.

दुरुस्तीचे म्हणाल तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे बघा. १८७२ साली लोकांना खुले झालेले ते म्युझियम मोडकळीला आले होते. मुंबई महानगरपालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी एकत्र येऊन काम हाती घेतले. २००५ साली त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये म्युझियम पुन्हा खुले झाले. आपल्याकडे तेवढा पैसा नाही हे उघड आहे, पण मार्ग तोच आहे. पालिका, एखादा स्थानिक कारखाना किंवा बँक आणि जाणकार संस्था यांना एका टेबलावर बसवावे लागेल. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची संग्रहालयांसाठी अनुदान योजना आहे आणि नोंदणीकृत न्यासांनाही तिच्यात अर्ज करता येतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रांच्या जतनाचे स्वतंत्र केंद्र आहे. त्याच संग्रहालयाची बस २०१५ पासून वस्तू घेऊन शाळाशाळांत जाते. तिकडे म्युझियम चाकांवर बसवून मुलांच्या दारात नेत आहेत आणि आपण मुले चालत येऊ शकतील तो हॉल बंद करतो आहोत, याचे मला फार वाईट वाटते.

एक मुद्दा कायद्याचाही आहे. म्युझियम सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधल्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हॉल चालवायला कुणाला देणार आहात, किती मुदतीने, किती रकमेवर, हे नोटिशीत नाही. ते गावाला कळले पाहिजे. माझा कुणा विश्वस्तावर आरोप नाही. तुमच्यातल्या काहींचे वडील-आजोबा हे म्युझियम उभारताना स्वतः विटा वाहत होते, हे मी ऐकून आहे आणि त्याचा मला आदर आहे. म्हणून तर तुम्हालाच लिहिते आहे.

माझ्या आणि या पत्रासोबत सह्या करणाऱ्या पालक, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि देणगीदार घरांच्या मागण्या अशा :

१. चित्रदालन बंद करण्याचा आणि हॉल भाड्याने देण्याचा निर्णय लेखी ठरावाने मागे घ्यावा.

२. पावसाळा संपेपर्यंत एकही चित्र भिंतीवरून हलवू नये. ज्यांना तातडीच्या उपायांची गरज आहे, घाटाचे जलरंगचित्र त्यात पहिले, त्यांना जतनाच्या जाणकाराने तपासल्याशिवाय हात लावू नये.

३. सर्व चित्रांची फोटोसह यादी तीन महिन्यांत करावी आणि तिची प्रत म्युझियममध्ये कुणालाही बघता येईल अशी ठेवावी. या कामासाठी माझे माजी विद्यार्थी आणि मी विनामोबदला येऊ. मोजमाप, फोटो, पाट्यांचे अक्षरलेखन आम्ही करू.

४. पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे १५ जूनच्या आत लावावेत. कापडाचा आणि शिलाईचा खर्च आम्ही वर्गणी काढून देतो.

५. म्युझियम दुपारी उघडे ठेवावे. माणसे कमी पडत असतील तर सकाळी उशिरा उघडा, सोमवारला जोडून आणखी एक दिवस सुट्टी घ्या. दुपार मात्र बंद करू नका, आणि बाजारचा दिवस तर नाहीच.

६. हॉलच्या प्रस्तावित कराराची कागदपत्रे आणि गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च जाहीर करावा.

७. जूनच्या पहिल्या आठवड्यात, रविवारी, म्युझियमच्या अंगणात गावाची उघडी सभा बोलवावी. उत्पन्नाचा प्रश्न तिथे मांडा. काय करता येईल ते आम्ही घेऊन येऊ.

३१ मेपर्यंत लेखी उत्तराची वाट बघू. उत्तर आले नाही तर हेच पत्र सह्यांसकट धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज म्हणून दाखल करू आणि १५ जूनला सकाळी दहा वाजता आम्ही सगळे तिकीट काढून चित्रदालनात हजर असू. ज्यांना सही करायची आहे त्यांनी शाळेसमोरच्या वाचनालयात यावे. सह्यांचे कागद तिथे संध्याकाळी सातपर्यंत ठेवले आहेत.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका